चौथी दुपार

गंगू त्या शनिवारी टोपली न घेता आली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मला कळलं.

वीस वर्षं ती आमच्या दारात मासे घेऊन येते आहे. सारसोळे गाव आमच्या सोसायटीच्या मागच्या फाटकातून चालत दहा मिनिटांवर. सगळं ठरलेलं असतं: ती उंबऱ्याशी बसणार, विळी पायाखाली घेणार, मी आत चहा टाकणार, आणि मासा कापता कापता ती गावातलं काहीबाही सांगणार. कसा कापू, हे तिनं पहिल्या आठवड्यानंतर मला कधी विचारलेलं नाही. माझ्या नवऱ्याला, जयप्रकाशला, कालवणात डोकं लागतं, नाहीतर तो जेवला असं मानतच नाही, हे तिला माझ्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक.

त्या दिवशी विळी नाही, टोपली नाही. अंगावर लेकाच्या लग्नासाठी घेतलेलं नवं लुगडं, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला दिवाळी अंक. अंक मी लांबूनच ओळखला, कारण त्याच्या दहा प्रती माझ्या कपाटात होत्या.

गंगूला वाचता येत नाही. पण पान कुणीतरी दुमडून दिलं होतं आणि एका ओळीखाली पेननं रेघ मारली होती. त्या रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली, "बाय, ह्यो 'मी' कोन हाय?"

मी ओळ वाचली. वाचायची गरज नव्हती, माझीच होती. 'दोरी तुटली नाही. मी सोडली.'

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर लिहायला लागले. लोक 'छान, विरंगुळा' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात काहीतरी घालावंसं वाटतं. तीन वर्षं खपून मी कादंबरी लिहिली होती. खाडीत बुडालेल्या एका माणसाची गोष्ट, आणि ती तिघं आपापल्या तोंडानं सांगतात: त्याची बायको, त्याचा मुलगा आणि त्याचा थोरला भाऊ. तिघंही 'मी' म्हणून बोलतात. तो बुडालेला माणूस म्हणजे गंगूचा नवरा हिराजी, हे मी नाकारत नाही. बावीस वर्षांपूर्वी हिराजी आणि त्याचा थोरला भाऊ बाळाराम होडी घेऊन गेले. जाळं खाडीतल्या एका जुन्या खांबाला अडकलं. ते सोडवायला हिराजी कमरेला दोरी बांधून पाण्यात उतरला, दुसरं टोक बाळारामच्या हातात. दोरी तुटली, असं बाळारामनं गावाला सांगितलं. तो एकटाच परत आला होता.

गंगूचा प्रितेश तेव्हा चार वर्षांचा होता. बाळारामला स्वतःचं मूल नाही. त्यानंच प्रितेशला शाळेत घातलं, पोहायला शिकवलं, होडीवर घेतलं. हे सगळं मला गंगूनंच उंबऱ्यात बसून सांगितलेलं, आणि तिला विचारूनच मी लिहायला घेतलं. "लिव की," ती म्हणाली होती, "कोन वाचतंय."

बाळारामकडेही मी चार दुपारी जाऊन बसले. त्याच्या ओटीवर, फोन आमच्या मध्ये ठेवून, रेकॉर्डिंग चालू करून. येता-जाता सगळं गाव बघत होतं.

माझे संपादक स्वानंद. हुशार माणूस, आणि ते त्यांना माहीत आहे. ते म्हणाले, "वैजयंतीताई, तीन निवेदक घेतलेत तर प्रत्येकाकडे असं काहीतरी हवं जे बाकीच्या दोघांना ठाऊक नाही. नाहीतर तीन कशाला? एकानंच सांगितलं असतं." बरोबरच होतं ते. बायकोचा भाग भरला होता, मुलाचाही. भावाचा तेवढा कोरडा राहिला होता, कारण बाळाराम भरतीच्या वेळा सोडून फारसं काही बोलायचाच नाही. मग एका सकाळी मी त्या भावाच्या तोंडी ती ओळ घातली, आणि इतके दिवस लुळी पडलेली कादंबरी उठून बसली. खोटं कशाला बोलू, त्या सकाळी मला फार आनंद झाला होता.

दिवाळी अंकासाठी स्वानंदनी नेमकं तेच प्रकरण उचललं. एकटंच. बायको नाही, मुलगा नाही, फक्त भावाचा 'मी'. खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'आगामी कादंबरीतून'. नावं मी बदलली होती, गाव बदललं होतं. पण भावाची उजव्या हाताची अर्धी करंगळी तशीच ठेवली होती, कारण ती मला आवडली होती. बाळारामची उजवी करंगळी अर्धीच आहे.

प्रितेशची होणारी बायको भाविका, जासईची. तिला वाचायचा नाद. माझं नाव बघून तिनं कौतुकानं ते प्रकरण प्रितेशला मोठ्यानं वाचून दाखवलं, 'ही तुमच्या आईची ओळखीची बाई ना?' म्हणून. करंगळीपर्यंत दोघं हसत होती म्हणे.

आता प्रितेशनं काय समजावं? चार दुपारी काका फोनसमोर बसून बोलला, बाईनं लिहून घेतलं, आणि छापलेल्या पानावर काका म्हणतो आहे, मी सोडली. पोलिसात दिलेला जबाब वाचावा तसं त्यानं ते वाचलं. कादंबरी, निवेदक वगैरे आमची भाषा. त्याच्या जागी मी असते तर मीही तसंच वाचलं असतं.

"आज चार वाजता देवक हाय," गंगू म्हणाली. "मी बसू सकत नाय. बापाच्या जागी काका नि काकू बसायची, ह्यो ठरलेला. आता पोर बोलतंय, काका बसला तर मी पाटावरशी उठन. लगीन नाय केला तरी चालंल, बोलतंय."

"आणि बाळाराम काय म्हणतो?"

"त्यो काय बोलतंय! सकालपासून जालं घेऊन बसलाय. फाटलेला नाय त्ये पन शिवतंय." तिनं माझ्याकडं बघितलं. "बाय, खरा सांग. त्यानी सांगितला तुना असा?"

"नाही गं. शप्पथ. ते माझ्या मनचं आहे. मी रचलंय."

मला वाटलं होतं, ती सुटकेचा श्वास टाकेल.

"मनचा?" ती म्हणाली. "माज्या नवऱ्याचा मरान तू मनचा लिवलंस?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही.

"बरा," ती उठत म्हणाली. "फोनमधी हाय ना त्याचा बोलना? त्यो घेऊन ये. पोर ऐकंल, मंग त्याना पटंल. तुज्या नुस्त्या बोलन्यावर आता नाय पटायचा." अंक तिनं पुन्हा पिशवीत घातला आणि गेली. माझा चहा न घेता ती गेल्याची ही पहिलीच वेळ.

आत जयप्रकाश पेपर वाचत होता. "ऐकव की रेकॉर्डिंग आणि मोकळी हो," तो म्हणाला. याला जगातली सगळी संकटं फोनमधून सुटतात असं वाटतं.

चार फायली होत्या. बाळाराम १, २, ३ आणि ४. पहिल्या तीन मला पाठ होत्या: भरती-ओहोटी, पूर्वी खाडीत किती जिताडा मिळायचा, पूल झाल्यावर काय बदललं, लहानपणचा हिराजी. चौथी मी कानाला लावली.

चौथ्या दुपारी मी त्याला सरळ विचारलं होतं. माझाच आवाज, बँकेत कर्जदाराला विचारावं तसा: "दोरी तुटली तेव्हा दुसरं टोक तुमच्याच हातात होतं ना? मग तुटलेला तुकडा तुमच्या हातात राहिला असेल. तो कुठं आहे?"

मग काहीच नाही. एक कावळा. लांबून गाड्यांचा आवाज. मी मनात मोजत गेले, चाळीसपर्यंत. बाळाराम गप्प. मग आतून त्याची बायको जाईबाई हाक मारते, "बाय, सुकट बघून घे, किती देऊ त्ये सांग," मी "आले हं" म्हणते, आणि खुर्ची सरकते. मी आत गेले होते. ऐकून टाइप करताना दर वेळी मी इथंच थांबवायची. मी नाही म्हणजे पुढं काही नाही, असं मी धरून चालले होते. त्या दिवशीही तिथंच थांबवलं.

ती ओळ मला कुठून सुचली, ते मला तेव्हा कळलं. ती या चाळीस सेकंदांतून आली होती. बाळाराम गप्प बसला, आणि मी त्याचा अर्थ लावला.

ही फाईल प्रितेशनं ऐकली असती तर संपलंच. ज्या पोराला छापलेल्या ओळीवरून संशय आला, त्याला ही शांतता ऐकवायची? ती कबुलीच वाटली असती. बाळारामला वाचवायला निघालेली मी त्याला आणखी खोल घालणार होते. आणि खरं सांगायचं तर मला तो माझा आवाजही गावासमोर नको होता. मेलेल्या भावाच्या दोरीचा हिशोब मागणारा तो आवाज.

मी फाईल पुसली. फोननं विचारलं, नक्की? मी हो म्हटलं. पुसलेलं दुसऱ्या खणात तीस दिवस राहतं, हे माझ्या मुलानं शिकवलेलं लक्षात होतं, म्हणून तिथूनही काढली. तिथंही त्यानं विचारलं, नक्की? तिथंही हो म्हटलं. साडेअकरा वाजले होते. आपण काहीतरी चांगलं केलं, अशा समाधानात मी चपला घातल्या.

गावात मांडव पडला होता. एका टेम्पोतून स्पीकर उतरवत होते, बायका मोठ्या परातीत तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांची बोलणी थांबली. याच बायका एरवी मला हाका मारून थांबवतात. बाळारामचं घर आता तीन मजली आहे, पण खालची ओटी त्यानं ठेवली आहे. तो तिथंच जमिनीवर बसला होता, मांडीवर जाळं, हातात सुई. जाईबाई दाराला टेकून. गंगू खांबापाशी. प्रितेश मात्र उभा होता. सव्वीस वर्षांचा, रुंद खांद्यांचा, नवीन कापलेले केस. त्यानं मला बसा म्हटलं नाही.

"मॅडम, डायरेक्ट बोला," तो म्हणाला. "काकानी सांगितलं का नाय?"

"नाही सांगितलं. ती ओळ माझी आहे. कादंबरीत असं करतात, प्रितेश. मी त्या माणसाच्या जागी बसून कल्पना करते—"

"कल्पना करून 'मी' लिहायचं?"

"हो."

"त्याचं बोट पण घ्यायचं?"

बाळारामची सुई चालूच होती. करंगळीचा खुंट तेवढा वर उचललेला, नेहमीसारखं.

"तुमी आता काय पण बोलाल," प्रितेश म्हणाला. "आईनी तुमाला बोलावलंय, म्हणून काकाला वाचवायला बोलाल. रेकॉर्डिंग लावा."

मी लावलं. भर दुपारी त्या ओटीवर आम्ही पाच जण बाळारामचा आवाज ऐकत बसलो. पहिली फाईल, दुसरी फाईल. तिसरीत हिराजीनं लहानपणी जेट्टीवरून उडी मारून पाय मोडला ती गोष्ट आली, आणि गंगूनं पदर तोंडाला लावला. प्रितेशचा चेहरा जरा सैलावला. बापाबद्दल काकाच्या आवाजात जे होतं, ते मला तीन वर्षांत एका पानावर उतरवता आलं नव्हतं, आणि ते त्या पोराला लगेच ऐकू आलं. मला वाटलं, सुटलो.

"झालं," मी फोन बंद करत म्हणाले. "एवढंच आहे."

"चार दुपार आलतात तुमी," प्रितेश म्हणाला.

"तीन फायली आहेत. चौथ्या दिवशी रेकॉर्डिंग केलं नव्हतं."

मी सहज बोलले. गेली तीन वर्षं दुसऱ्यांच्या वतीनं बोलून सवय झाली होती. प्रितेशनं मान हलवली. त्याला पटत होतं, मला दिसत होतं. मनगटावरचं घड्याळ बघून तो काहीतरी म्हणणार, तेवढ्यात बाळारामची सुई थांबली.

"चवथ्या दिवशी फोन व्हता," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. डोळ्यांनी म्हटलं, गप्प बस रे बाबा.

"व्हता," तो शांतपणे म्हणाला. सकाळपासून पहिल्यांदा बोलत होता, त्यामुळे आवाज बसलेला. "लाल बत्ती चालू व्हती. तुमी सुकट घ्यायला आत गेलतंव. मी एकलाच व्हतू. तवा मी सांगितला सगला. फोनला सांगितला. तुमच्या तोंडावर सांगायला जमत नव्हता, गंगूच्या तोंडावर तर नायच. फोन काय, त्यो डोल्यांत बघत नाय. मना वाटला, तुमी घरी जाऊन ऐकाल. ऐकला नि लिवला, आसा मना वाटला."

त्यानं सुई जाळ्यात खोचली.

"पोर पुस्तक घेऊन आला तवा मी म्हनून गप बसलू," तो पुढं म्हणाला. "मना वाटला, माजाच बोलना हाय, पन बायनी आर्धाच लिवलाय. ती येल नि पुरा सांगंल. आता तुमी बोलताव, त्यो तुमच्या मनचा. मंग माजा कुठं हाय?"

त्या चाळीस सेकंदांपुढं तो बोलला होता. मी पन्नास वेळा ती फाईल उघडली असेन, आणि पन्नास वेळा माझ्याच खुर्चीच्या आवाजाशी थांबवली होती.

प्रितेशनं काकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. पोरगा मूर्ख नाही. आवाज खाली आणून तो म्हणाला, "काका, तू आता एक शब्द बोलू नको. मॅडम, फाईल नसंल तर नसंल. पण तुमी ऐकलं असंल ना? तो काय बोलला ते तुमी सांगा. मग काकाला विचारतो. दोघांचं सेम निघालं तर मी इथंच त्याच्या पाया पडन, सगळ्यांसमोर. चार वाजता तोच बसंल. नाय निघालं तर मी आईला घेऊन खांदेश्वरला मामाकडे जातो, आत्ताच्या आत्ता."

मांडवात कुणीतरी माइक तपासत होतं. हॅलो, हॅलो. जाईबाईनं दाराची चौकट घट्ट धरली होती.

मी तेव्हा काय केलं, ते सांगायची मला लाज वाटते. मी विचार करायला लागले. काय बोलला असेल? हिराजीच खालून ओरडला असेल, सोड म्हणून, नाहीतर तूही येशील. किंवा होडी कलली असेल. किंवा दोरी भिजून हातातून सुटली असेल आणि तुटली म्हणणं सोपं गेलं असेल. किंवा मी लिहिलं तेच खरं असेल. चार प्रकरणं माझ्या डोळ्यांपुढं तयार उभी होती, चारही चांगली. एक उचलायचं होतं. बरोबर निघालं असतं तर या घरातलं लग्न पार पडलं असतं, आणि मी काय केलं ते कुणालाही कधी कळलं नसतं.

मी बाळारामकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. तो निवांत माझ्याकडे बघत होता. मी बरोबर सांगणार, याची त्याला खात्री होती. त्यानं मला सांगितलं होतं ना.

"मी ऐकलंच नाही," मी म्हणाले.

"काय?"

"मी आत गेले, म्हणून पुढं काही नसेल असं समजले. शेवटपर्यंत कधी ऐकलंच नाही. आणि आज इथं यायच्या आधी ती फाईल मी पुसून टाकली. त्यात मी दोरीबद्दल विचारते आणि ते गप्प बसतात, तेवढंच मला माहीत होतं. तू ते ऐकलंस तर तुझा गैरसमज होईल, असं वाटलं. मघाशी खोटंही बोलले. चौथी फाईल होती."

प्रितेशनं माझ्या हातातून फोन घेतला. त्याला त्यातलं माझ्यापेक्षा खूप कळतं. त्यानं सगळे खण उघडून बघितले, दोनदा. मग फोन माझ्या हातात न देता खाली, पायरीवर ठेवला.

"आजच?" तो म्हणाला.

"साडेअकराला."

"एवढे दिवस होती, आणि आज." तो हसला. ते हसणं ऐकून मला वाटलं, त्यानं मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तो काकाकडे वळला. "सांग मग. आता तूच सांग."

बाळारामनं जाळं मांडीवरून बाजूला केलं. बोटांवरचा दोरा उलगडला.

"तवा बोललू तवा माज्यावर कोनी बोट दाखवला नव्हता," तो म्हणाला. "म्हनून त्यो खरा व्हता. आता बोललू तर तुना वाटंल, सुटाया बोलतंय. तुना नाय वाटला तरी गावाला वाटंल. बायनी रचला, तसा म्यापन रचला. काय फरक ऱ्हायला?"

मला तिथंच ओक्साबोक्शी रडावंसं वाटलं, पण रडायचाही हक्क माझा नव्हता.

प्रितेशनं खिशातून गाडीची किल्ली काढली. "आई, चल."

गंगू खांबापासून हलली. मला वाटलं, निघाली. पण ती बाळारामच्या समोर जाऊन उभी राहिली. बावीस वर्षांत ती दिरासमोर अशी उभी राहिली नसावी, कारण बाळारामनं मान खाली घातली.

"मना सांग," ती म्हणाली.

"गंगू—"

"गावाला नको. पोराला नको. पुस्तकाला तर नकोच. बायको मी हाय त्याची. बावीस वर्सा मी तुना इचारला नाय, कारन तू माज्या पोराला जेवू घालत व्हतास, नि मना भ्या वाटायचा का तू काय सांगशील. आता इचारतंय. ऊठ."

तो उठला. दोघं घराच्या बाजूला गेली, जिथं जुन्या होडीचा सांगाडा उपडा टाकलेला आहे. ओटीवरून ती दोघं मला दिसत होती. आवाज येत नव्हता. बाळाराम उभ्यानंच बोलत होता, हात हलवून काहीतरी दाखवत होता. एकदा कमरेशी, एकदा वर, एकदा दोन्ही तळवे उघडे. गंगू होडीवर बसून ऐकत होती. मध्ये तिनं काहीतरी विचारलं. तो बोलला. तिनं पुन्हा विचारलं. इकडं प्रितेश किल्ली मुठीत धरून उभा होता. मी खालच्या पायरीवर बसले होते. ऐकायला मी काहीही दिलं असतं, आणि आपल्याला ते कधीच ऐकायला मिळणार नाही, हे मला तिथंच कळलं.

वीसेक मिनिटांनी दोघं परत आली. गंगूचे डोळे सुजले होते. बाळारामचेही. तिनं नवं लुगडं झटकलं, पदर खोचला आणि जाईबाईला म्हणाली, "पाट मांड. तुमी दोगाच बसायची देवकाला."

"आई, काय बोलला तो?" प्रितेशनं विचारलं.

"मना सांगायचा व्हता त्यो सांगितला. मना पटला. तुज्या बापाची बायको मी, मना पटला त्ये तुना पुरं हाय का नाय?"

तो आईकडं बघत राहिला. मला वाटलं, नाही म्हणेल. चार वर्षांचा असल्यापासून तो ज्याच्या मागं मागं फिरला, तो माणूस तीन हातांवर खाली मान घालून उभा होता. प्रितेशनं किल्ली खिशात टाकली. पाया वगैरे पडला नाही. खाली वाकला, पसरलेलं जाळं गोळा करून खांद्यावर घेतलं, आणि "चल, तयार हो, उशीर होतोय," असं काकाकडं न बघता म्हणून आत गेला.

मी उठले. काहीतरी बोलायला हवं होतं. "गंगू, मी—"

तिनं माझा फोन पायरीवरून उचलला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "तू आता घरी जा, बाय," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं.

सोमवारी मी स्वानंदना फोन करून कादंबरी मागे घेतली. कारण विचारलं म्हणून सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "वैजयंतीताई, अहो, हे तर चौथं प्रकरण झालं! तुम्हीच चौथी निवेदक. याच्यासकट लिहा, जबरदस्त होईल." मी फोन ठेवून दिला. पुन्हा उचलला नाही.

गंगू पाच आठवडे आली नाही. जयप्रकाश बाजारातून पापलेट आणायचा आणि जेवताना काही बोलायचा नाही, हे त्याचं मोठेपण. सहाव्या आठवड्यात बुधवारी बेल वाजली. टोपली होती, विळी होती. वर मोठा जिताडा होता, ताजा, डोळे चकचकीत. लग्न छान झालं का, म्हणून मी विचारलं. "झाला," ती म्हणाली. भाविका कशी आहे? "बरी हाय."

मी चहा टाकला. कप तिच्याजवळ ठेवला, आणि नेहमीसारखी समोर स्टुलावर बसले. "गंगू," मी म्हणाले, "ते पुस्तक मी काढत नाही. कधीच नाही."

तिनं मान डोलावली. जिताडा विळीवर धरला. खवले उडायला लागले. मी वाट बघत होते, ती काहीतरी सांगेल: सुनेचं, प्रितेशच्या होडीचं, गावातल्या कुणाच्या भांडणाचं. चहावर साय धरली. खवले काढून झाले, पोट साफ करून झालं. मग तिचा हात थांबला, आणि नव्या गिऱ्हाइकाकडं बघावं तशी माझ्याकडं बघून तिनं विचारलं,

"डोका ठेवायचा का काढायचा?"